भरवसा देवावर, हिशेब माणसांकडून

महोदय,

एखाद्या फिर्गजेत (चर्चच्या स्थानिक विभागात) किंवा प्रार्थनामंडळात पुढाऱ्याचे काही उघडकीला आले, मग ते पैशाचे असो की वागणुकीचे, की एक वाक्य हमखास कानावर येते : 'माणसाकडे बघू नका, देवाकडे बघा.' वाक्य खरे आहे. वाईट याचे वाटते की ते बहुतेक वेळा विषय मिटवायला वापरले जाते. ऐकणारे मान डोलावतात, हिशेबाची वही बंदच राहते आणि ज्याचे नुकसान झाले तो एकटा पडतो. बायबलमध्ये ही शिकवण जिथे जिथे येते तिथे तिच्या मागेपुढे काम सांगितलेले आहे : काय तपासायचे, कोणी तपासायचे, साक्षीदार किती, पैसे कोणाच्या हाती द्यायचे. बायबलचे वर्ग घेणारे आणि चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या सांभाळणारे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. आपले बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत हे ठाऊक आहे. पण पुढाऱ्यापुढे भान हरपण्याचा आजार एका धर्मापुरता नाही, म्हणून हे पत्र चर्चच्या सूचनाफलकावर न लावता आपल्याकडे पाठवत आहोत.

बायबलमधल्या 118 व्या स्तोत्राचे 8 वे आणि 9 वे वचन हे या विषयाचे मूळ. माणसावर, अगदी अधिपतींवरही, भरवसा टाकण्यापेक्षा परमेश्वराचा आसरा घेणे बरे, असा त्याचा आशय. मूळ हिब्रूत तिथे दोन वेगळी क्रियापदे आहेत. देवाकडे जाण्यासाठी 'खासा', म्हणजे वादळात आडोशाला जाणे. माणसाच्या बाबतीत 'बाताख', म्हणजे सगळे अंग टाकून विसंबणे. माणसाचा मान ठेवणे, त्याचे ऐकणे, त्याला मदत करणे यातले काहीच इथे निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ते त्याच्यावर सगळा भार टाकणे. 146 व्या स्तोत्रात याचे कारणही दिले आहे, आणि ते लोकांना वाटते तसे नाही. पुढारी लबाड असतात म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, असे तिथे म्हटलेले नाही. त्याचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात, असे म्हटले आहे. म्हणजे पुढारी सज्जन असला तरी ही ताकीद लागू होते. किंबहुना सज्जनाच्या बाबतीत ती जास्त लागते, कारण तिथे आपण बेसावध असतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 17 व्या अध्यायातले चित्र प्रसिद्ध आहे : माणसावर भरवसा ठेवणारा वाळवंटातल्या झुडपासारखा, परमेश्वरावर ठेवणारा पाण्याकाठच्या झाडासारखा. ऊन दोघांनाही लागते. 8 व्या वचनात दुष्काळाचे वर्षही येतेच. फक्त मूळ पाण्यापर्यंत गेलेले असल्याने पाने हिरवी राहतात. हे लिहिले गेले तो काळ राजकारणाचा होता. बाबेल (बॅबिलोन) चालून येत होता आणि यरुशलेमच्या दरबाराची सारी भिस्त मिसरच्या (इजिप्तच्या) सैन्यावर होती. ते सैन्य एकदा निघालेही, पण आले तसे परतेल असे यिर्मयाने सांगितले होते (37:5-7). इ.स.पू. 586 च्या सुमाराला शहर पडले. राजा सिद्कीया यिर्मयाला गुपचूप बोलावून देवाचे म्हणणे विचारायचा आणि मग दरबाऱ्यांना भिऊन उलटेच करायचा. देवाला विचारणे आणि देवावर विसंबणे यात केवढे अंतर असते, ते या राजाइतके कोणी दाखवून दिलेले नाही.

गोव्यात हा विषय राजकारणाशिवाय पुरा होत नाही. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली. 14 सप्टेंबर 2022 रोजी त्या पक्षाच्या 11 पैकी 8 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्याआधी 10 जुलै 2019 रोजी 15 पैकी 10 जण गेले होते. दोन्ही वेळा पक्षांतरबंदी कायद्यातली दोन तृतीयांशांची अट पुरी झाली होती. पक्षांची नावे उलटसुलट केली तरी आमचे म्हणणे बदलणार नाही. मतदाराने शपथेवर विश्वास ठेवला तेव्हा त्याला वाटले की आपण देवावर विश्वास ठेवतो आहोत. प्रत्यक्षात भार माणसावर होता आणि देवाचे नाव जामीन म्हणून लिहिलेले होते. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात येशूने नेमक्या अशा शपथांना मनाई केली आहे : स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. खुरसासमोर शपथ घ्यायला येणाऱ्या उमेदवाराला ख्रिस्ती मतदाराने हे वचन वाचून दाखवावे आणि शपथेऐवजी त्याची विधानसभेतली हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न आणि मागच्या खेपेचा त्याचा पक्षबदल यांची माहिती मागावी. आणि वेदीवरून कोणी 'आपल्या माणसाला' मत द्या म्हणून सुचवू लागला, तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चे कलम 123(3) त्याच्या कानावर घालावे. उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी धर्माच्या नावाने मत मागणे हा त्या कलमाखाली भ्रष्ट आचार ठरतो.

इस्राएलच्या लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना किंमत आधीच वाचून दाखवली होती (1 शमुवेल 8). तुमचे मुलगे रथांपुढे धावायला, मुली सुगंधी द्रव्ये करायला, स्वयंपाकाला आणि भाकऱ्या भाजायला, उत्तम शेते, द्राक्षमळे आणि जैतुनबने, धान्याचा दहावा हिस्सा, कळपाचा दहावा हिस्सा. हिब्रूत 'तो घेईल' हे क्रियापद त्या यादीत चार वेळा येते. 'तो देईल' येते ते फक्त आपल्या चाकरांना. तरी लोकांनी राजा मागितलाच आणि देवाने दिलाही. पण बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात राजासाठी अटी आहेत : घोडे वाढवायचे नाहीत, बायका वाढवायच्या नाहीत, सोनेरुपे फार साठवायचे नाही, आणि नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन आयुष्यभर रोज वाचायची, म्हणजे भाऊबंदांपेक्षा त्याचे मन चढून जाणार नाही. आजच्या कोणत्याही पुढाऱ्याला, चर्चमधल्या किंवा बाहेरच्या, या अटी जशाच्या तशा लावता येतात.

आता चर्चकडे वळतो, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते.

प्रवचन कसे ऐकावे याचा नमुना प्रेषितांच्या कृत्यांत 17:11 मध्ये आहे. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचे बोलणे आवडीने ऐकले आणि ते तसेच आहे का हे रोज शास्त्रात पडताळून पाहिले. पौलासारख्या प्रेषिताला तपासले म्हणून कोणी त्यांना उद्धट म्हटले नाही, उलट त्यांची वाखाणणी झाली. घरी करायचे काम अर्ध्या तासाचे आहे. उपदेशकाने वापरलेले वचन आकड्यासह लिहून घ्या. घरी त्या वचनाच्या आधीचा एक आणि नंतरचा एक अध्याय वाचा. हे कोण कोणाला म्हणतो आहे, ते आधी ठरवा. मग दुसऱ्या भाषांतरात तेच वचन पाहा. मराठी आणि कोकणी दोन्ही घरात असली तर उत्तम. इतके केले की बरीच गडबड तिथेच उघडी पडते. गोव्यात सर्रास चालणारी तीन उदाहरणे देतो.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन कोणी प्रश्न विचारला की ढालीसारखे पुढे येते. ते 105 व्या स्तोत्रात 15 वे आहे. 9 व्या वचनापासून वाचले तर कळते की तिथे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची भटकंती सांगितली आहे आणि ही ताकीद परक्या राजांना दिलेली आहे. हिशेब मागणाऱ्या भाविकाचा तिथे संबंधच नाही. दुसरे, 'न्याय करू नका', मत्तय 7:1. त्याच अध्यायाच्या 15 व्या वचनात मेंढराच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांपासून सावध राहायला सांगितले आहे, आणि फळावरून झाड ओळखायला. तिसरे, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा मागण्यासाठी वाचले जाणारे मलाखी 3:10. ते वाचणारे त्याच पुस्तकाचा 2 रा अध्याय क्वचित वाचतात. तो 'याजकहो' अशी हाक मारून सुरू होतो आणि अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात कडक शब्द तिथे याजकांना आहे. शिवाय अनुवाद 14:28-29 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी (मंदिरसेवक), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून.

भविष्यवाणीचा प्रकार आपल्याकडे वाढला आहे. जहाजावरची नोकरी, आखातातला व्हिसा, पोर्तुगीज पासपोर्टची फाईल, मुलीचे लग्न : या चार दारांवर भविष्य सांगणारे हमखास येतात, कारण तिथे माणूस हवालदिल असतो. शास्त्राची कसोटी साधी आहे. सांगितलेले घडले नाही तर तो शब्द परमेश्वराचा नव्हे (अनुवाद 18:22). घडले, पण सांगणारा देवापासून दूर नेऊ लागला, तरीही त्याचे ऐकायचे नाही (अनुवाद 13). दोघा-तिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी पारख करावी (1 करिंथ 14:29), म्हणजे बंद खोलीत एकट्याला सांगितलेली, कोणाला न सांगण्याच्या अटीची भविष्यवाणी इथेच बाद होते. वहीत तारीख घाला, त्याचे नेमके शब्द लिहा, दोघांच्या सह्या घ्या. हे न केल्याने काय होते? सहा महिन्यांनी 'तुमचा विश्वास कमी पडला' असे ऐकावे लागते, आणि मूळ वाक्य काय होते ते कोणालाच आठवत नाही. पैसे आधी मागितले तर मीखा 3:11 उघडावे. पैसे घेऊन शकुन सांगणारे संदेष्टे तिथे नावानिशी नसले तरी धंद्यानिशी आहेत. अलीशा संदेष्ट्याने आपल्या सांगण्यावरून बऱ्या झालेल्या नामानकडून काही घेतले नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला आणि दोन थैल्या रुपे व दोन पोशाख घेऊन आला. त्याचे पुढे काय झाले ते 2 राजे 5 मध्ये आहे.

याहून गंभीर बाब औषधांची. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा, असे सांगणारा माणूस जीव धोक्यात घालतो. इन्सुलिनवर जगणाऱ्याने ते थांबवले तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल वाढून बेशुद्धी येऊ शकते. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर झटके थांबतच नाहीत अशी अवस्था येऊ शकते. क्षयाचे नेहमीचे सहा महिन्यांचे औषध दोन महिन्यांत बरे वाटते म्हणून सोडले तर उरलेले जंतू त्याच औषधाला जुमानत नाहीत आणि आजार घरातल्या इतरांना लागतो. बायबलमध्ये औषधाचा द्वेष कुठेही नाही. यशयाने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचे पोटीस लावायला सांगितले (2 राजे 20:7). पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे गेला, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर काय सांगितले? जा आणि याजकाला दाखव (लूक 5:14). तो याजक तेव्हाचा तपासनीस. लेवीय 14 प्रमाणे त्याने छावणीबाहेर जाऊन तपासायचे, बऱ्या झालेल्याने 7 दिवस आपल्या तंबूबाहेर राहायचे, 8 व्या दिवशी अर्पण. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून हजारोंनी बरे झाल्याचे कळवले आहे. डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले त्यातले 70 च्या थोडे वर. बरे झालो असे वाटले तर आधी रक्त तपासा, डॉक्टरला दाखवा, गोळी त्याने सांगितली तर कमी करा. देवाने केलेले काम तपासणीला घाबरत नाही. केनियातल्या शाकाहोला जंगलात 2023 मध्ये 400 हून अधिक मृतदेह सापडले. ख्रिस्ताला भेटण्यासाठी उपाशी राहा, असे एका उपदेशकाने सांगितले होते आणि लोकांनी त्याच्यावर अंग टाकले होते.

पैशाचा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घसरणीची पहिली पायरी तिथेच असते आणि ती वेळेवर रोखणे आपल्या हातात असते. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, आणि कारण दिले : एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हाला बोल लावू नये, जे प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच माणसांच्याही दृष्टीने योग्य असावे (2 करिंथ 8:20-21). प्रेषित असूनही त्याने 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हटले नाही.

रविवारच्या मिसेनंतर (उपासनेनंतर) साक्रिस्तीतल्या, म्हणजे पाद्रीच्या तयारीच्या खोलीतल्या, टेबलावर दानाच्या थैल्या ओतल्या जातात, तो क्षण डोळ्यापुढे आणा. चुरगळलेल्या दहाच्या नोटा, घडी घालून लपवलेली पाचशेची एखादी, नाण्यांचा ढीग, मध्येच मेणबत्तीचा तुकडा. टेबलाशी दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे हवीत आणि तिसरा लिहायला. 500, 200, 100, 50, 20, 10 आणि नाणी असे रकाने. दोघांनी आपापले मोजायचे, एकमेकांचा आकडा ऐकण्याआधी आपला कागदावर लिहायचा. जुळला नाही तर पुन्हा. बेरीज आकड्यात आणि अक्षरात, तिघांच्या सह्या शाईने. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाईटनर मुळीच नको. रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत आणि भरण्याची पावती त्याच पानावर चिकटवलेली. सगळ्यांत जास्त घडणारी चूक अगदी निरागस दिसते : त्या ढिगातूनच फुलवाल्याला, आवाजाच्या यंत्रणेवाल्याला, विजेच्या माणसाला पैसे देऊन उरलेले लिहिणे. कोणी खाल्लेले नसते, पण वर्षाअखेरीस खरी जमा किती आणि खरा खर्च किती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ज्याला खायचे असते त्याला ही वाट तयार मिळते. जमा पूर्ण बँकेत गेली पाहिजे. किरकोळ खर्चाला ठरावीक रक्कम वेगळी काढून प्रत्येक व्हाउचरवर घेणाऱ्याची सही घेतली पाहिजे.

चेकवर दोन सह्या, त्यातली एक धर्मगुरूची नसलेली, आणि दोघे एका घरातले नसलेले. फादर परगावी जाणार म्हणून कोरे चेक सही करून ठेवण्याची पद्धत आजच बंद करावी. क्यूआर कोड चिकटवला असेल तर स्कॅन केल्यावर संस्थेचे नाव येते की एखाद्या व्यक्तीचे ते पाहावे. व्यक्तीचे आले तर तिथे पैसे टाकू नयेत, ती व्यक्ती कितीही पवित्र असो. दर आठवड्याला 1 रुपया पाठवून तो संस्थेच्या खात्यात उतरतो का ते बघावे, कारण वरून दुसरा स्टिकर चिकटवणे दोन सेकंदांचे काम आहे.

कॅथलिक वाचकांसाठी : चर्चचा स्वतःचा कायदा यात तुमच्या बाजूने आहे. त्यातल्या कॅनन (कलम) 537 प्रमाणे प्रत्येक फिर्गजेत वित्त समिती असलीच पाहिजे. कॅनन 1287 प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा आहे. कॅनन 1267 प्रमाणे ज्या कामासाठी दान दिले त्याच कामासाठी ते वापरायचे, म्हणजे छपरासाठी जमवलेले पैसे स्पीकरला वळवता येत नाहीत. मिसेच्या मागण्यांसाठी वेगळी वही ठेवायला कॅनन 958 सांगतो. आणि आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा भाविकांचा हक्क आणि कधी कधी कर्तव्यही आहे, असे कॅनन 212 मध्ये लिहिले आहे. फेस्ताचा हिशेब महिन्याभरात फलकावर लागावा अशी मागणी करणारा चर्चचा शत्रू नसतो. बिलीव्हर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र मंडळांत बिशप नसतो, त्यामुळे तिथे डोळे अधिक उघडे हवेत. मंडळ 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असेल तर स्थापनेला किमान 7 माणसे लागतात, कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकाकडे द्यावी लागते आणि ती कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एकाच आडनावाचे दिसले तर विचारायला लाजू नका.

आता पुढारी चुकल्यावर काय. मत्तय 18 मध्ये पायऱ्या आहेत : आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मंडळीच्या वडिलांवरील, म्हणजे पुढाऱ्यांवरील, आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, पण पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर कान उघाडणी करावी (1 तीमथ्य 5:19-20). पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर सुनावले, आणि पेत्र म्हणजे कॅथलिक परंपरेत पहिले पोप. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा गृहस्थ येतो. त्याला पहिले स्थान हवे असते, तो प्रेषिताला मानत नाही आणि विरोध करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. प्रश्न विचारला म्हणून बहिष्कार पडू लागला की हे नाव आठवावे.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. मत्तय 18 च्या पायऱ्या भावाभावांतल्या अपराधासाठी आहेत. मुलावर अत्याचार झाला असेल तर त्या मुलाला 'आधी एकट्याने जाऊन बोल' म्हणणे हे वचनाचे विटंबन आहे. तिथे पोक्सो कायदा 2012 चे कलम 19 लागू होते. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक आहे. चर्चचा 2019 चा नियमही धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना वरिष्ठांकडे कळवायला बांधतो, पण तो पोलिसांच्या जागी येत नाही. 'चर्चची बदनामी होईल' म्हणणाऱ्याने आपला भार कोणावर टाकला आहे हे त्या वाक्यातच दिसते.

अशा वेळी लोकांच्या पोटात गोळा येतो तो वेगळ्याच प्रश्नाने : त्या पाद्रीने दिलेला माझ्या मुलाचा बाप्तिस्मा खरा का? याचे उत्तर चर्चने सोळाशे वर्षांपूर्वी दिले आहे. 303 नंतरच्या छळात काही बिशपांनी पवित्र ग्रंथ सैनिकांच्या हवाली केले. उत्तर आफ्रिकेतल्या दोनातुस पंथाचे म्हणणे होते की अशा हातांचे संस्कार व्यर्थ. 411 मध्ये कार्थेजला मोठी सभा झाली. संत ऑगस्टीनचे म्हणणे होते की यहूदाने बाप्तिस्मा दिला तरी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. पाणी आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने हे शब्द, आणि चर्चला अभिप्रेत तेच करण्याचा हेतू, एवढे असले की संस्कार झाला. मुलाचा बाप्तिस्मा पुन्हा करायचा नसतो. भार माणसावर नसण्याचा इतका थेट दिलासा दुसऱ्या कुठल्या शिकवणीत क्वचितच असेल, आणि तो लोकांना वेदीवरून सांगितला गेला पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या विगाराची (फिर्गजेच्या मुख्य पाद्रीची) बदली झाली की निरोपाला बस भरून लोक जातात, रडतात. ते प्रेम खरे आहे. पण पुढच्या रविवारपासून बाक रिकामे दिसू लागले, नव्या फादरच्या प्रत्येक गोष्टीची जुन्याशी तुलना होऊ लागली, की करिंथच्या मंडळीत दोन उपदेशकांवरून झाले तेच होते : मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली, हे पौलाचे उत्तर. इब्री 13:17 मध्ये पुढाऱ्यांचे ऐकायला सांगितले आहे आणि ते ऐकावेच. चांगले काम करणारे वडील दुप्पट मानाला पात्र आहेत असेही शास्त्र म्हणते. बहुतेक फादर, पास्टर कमी मोबदल्यात रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी जातात. हिशेबाची दुसरी सही त्यांनाही खोट्या आरोपापासून वाचवते. मिसेच्या सुरुवातीला वेदीवरचा धर्मगुरूही 'मी पाप केले आहे' असे सर्वांसोबत मोठ्याने म्हणतो. ते शब्द पोपनाही चुकलेले नाहीत.

बाणावलीत 1651 साली जन्मलेले संत जुझे वाझ 1687 मध्ये सिलोनला गेले तेव्हा डचांनी तिथून पोर्तुगिजांची सत्ता काढून 29 वर्षे झाली होती. कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव होता. बिशप नाही, राजाश्रय नाही, पाद्री नाही. वाझ भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरले आणि ती माळ पाहून कोणाचे डोळे थबकतात ते बघत राहिले. थबकलेले डोळे सापडले. इतकी वर्षे घराघरांत आया-आज्यांनी प्रार्थना चालू ठेवली होती. 1692 मध्ये कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकले. सुटल्यावर त्यांनी गावोगावी प्रार्थना चालवणारी साधी माणसे नेमली, म्हणजे पाद्री न आला तरी रविवार चुकू नये. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्यानंतरही ते रविवार चुकले नाहीत.

आपले विश्वासू,
दोन ख्रिस्ती वाचक, मडगाव